मिल्डेनहॉल ते मेलबर्न, ऐन दिवाळीत : आभासी विमानशर्यतीत डीसी-३ घेऊन उतरावं का?

उंटावरचा वैमानिक | ११ ऑक्टोबर, रात्री १०:१४

नमस्कार मंडळी. गेली वीस-बावीस वर्षं मी घरच्या संगणकावर विमानं उडवतो. (बायकोच्या भाषेत 'पाडतो'.) आता एक भलतंच आमंत्रण आलंय, म्हणून हा धागा.

परदेशातल्या काही हौशी मंडळींनी १९३४ च्या इंग्लंड–मेलबर्न विमानशर्यतीची आभासी आवृत्ती काढली आहे. मूळ शर्यत ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: मेलबर्नच्या शताब्दीसाठी मॅकफर्सन रॉबर्टसन या तिथल्या चॉकलेट कारखानदाराने १५,००० पौंडांची बक्षिसं लावली. २० ऑक्टोबर १९३४ च्या पहाटे सफोकमधल्या मिल्डेनहॉल तळावरून २० विमानं सुटली. बगदाद, अलाहाबाद, सिंगापूर, डार्विन आणि शार्लव्हिल हे पाच थांबे सक्तीचे. मध्ये तेल कुठे भरायचं ते ज्याचं त्याने ठरवायचं. एकूण अंतर ११,३२३ मैल.

आभासी शर्यतीत विमान जुनं पंख्याचं हवं, हवामान त्या क्षणाचं खरं, घड्याळ पुढे पळवायचं नाही, जीपीएस बंद. नकाशा, होकायंत्र, घड्याळ आणि जमिनीवरचे रेडिओ बीकन एवढ्यावर जायचं. टप्पे तीन आठवड्यांत सवडीने करता येतात, धरली जाते ती फक्त उड्डाणाची वेळ. विमान आपटलं किंवा संगणक बंद पडला तर दंडाचे तास. निकाल दोन: एक निव्वळ वेगाचा, दुसरा हँडिकॅपचा, म्हणजे विमानाच्या कुवतीनुसार सूट धरून.

२०२२ मध्ये मायक्रोसॉफ्ट फ्लाइट सिम्युलेटरच्या चाळिशीला फुकट मिळालेलं डीसी-३ माझ्याकडे आहे, त्यावरच जीव आहे. पण बाकीचे बरेच जण त्या वेळी जिंकलेलं डी हॅविलंड कॉमेट नाहीतर त्याच्याहून वेगवान काहीतरी घेतायत. माझं विमान दीडशे नॉटवर (ताशी साधारण १७३ मैल) रमतं. हिशेब केला तर निव्वळ हवेतले ६५ तास. सुरुवात २० ऑक्टोबरलाच, म्हणजे यंदा नरक चतुर्दशी.

प्रश्न सरळ आहे. डीसी-३ घेऊन उतरू, की प्रेक्षकांत बसू?

---

फुरसतराव | ११ ऑक्टोबर, रात्री १०:३१

पहिला! उतरा. पॉपकॉर्न घेऊन बसलोय.

---

तर्कटराव | ११ ऑक्टोबर, रात्री ११:०२

६५ तास खुर्चीत बसायचं आणि शेवटी असायचं पुण्यातच. त्यापेक्षा तेवढ्या वेळात सायकलने पंढरपूरला जाऊन परत याल, पुण्य मिळेल ते वेगळं.

शिवाय एक तांत्रिक हरकत. डीसी-३ पहिल्यांदा उडालं १७ डिसेंबर १९३५ ला. १९३४ च्या शर्यतीत ते कुठून आलं? हे म्हणजे पानिपतच्या लढाईत रणगाडा.

---

उंटावरचा वैमानिक | ११ ऑक्टोबर, रात्री ११:२०

तर्कटराव, हरकत मान्य, पण रणगाडा नको हो. शर्यतीत डीसी-२ होतं, डीसी-३ त्याचाच धाकटा भाऊ. अंगाने थोडा रुंद, इंजिन थोडं दांडगं. माझ्याकडे चांगलं डीसी-२ नाही म्हणून आयोजकांनी भावाला चालवून घेतलंय.

आणि पुणं नाही, सांगली.

---

शून्यमैल | १२ ऑक्टोबर, सकाळी ७:४५

माझं मत, उतराच, आणि डीसी-३ घेऊनच. कारण सांगतो.

त्या शर्यतीत पहिलं आलं ते स्कॉट आणि कॅम्पबेल ब्लॅक यांचं लाल कॉमेट, ७१ तासांत. खास शर्यतीसाठी घडवलेलं, दोन माणसं मावतील एवढंच. पण नागपुरात आम्ही दोघं-तिघं मित्र या शर्यतीवर बोलायला बसलो की गाडी नेहमी दुसऱ्या नंबरावर येते. तो केएलएम या डच विमानकंपनीच्या डीसी-२ चा. नाव 'उइव्हर', म्हणजे करकोचा. (डच उच्चार आपल्या जिभेला झेपत नाही, सांभाळून घ्या.) हे शर्यतीचं विमान नव्हतंच. नव्या प्रवासी विमानात तीन प्रवासी आणि टपालाच्या थैल्या घालून, नेहमीच्या बटाव्हिया (आजचं जाकार्ता) मार्गावरचे थांबे घेत ते गेलं. मागे राहिलेल्या एका प्रवाशासाठी एकदा परतही वळलं म्हणतात. तरी ९० तास १३ मिनिटांत मेलबर्न! तिसरं आलं तेही प्रवासी विमान, रॉस्को टर्नरचं बोइंग २४७.

लष्करी आणि शर्यतीच्या विमानांची रांग मागे, आणि पुढे जेवणाचा डबा घेऊन बसलेले प्रवासी. लोकांना त्या दिवशी कळलं की एवढ्या लांब तिकीट काढून जाता येईल. त्यामुळे तुम्ही कॉमेट घेतलंत तर फक्त शर्यत कराल, डीसी-३ घेतलंत तर गोष्ट कराल.

---

केतकी_नाशिक | १२ ऑक्टोबर, सकाळी ८:१०

+१ शून्यमैल. शेवटचं वाक्य जरा भाषणबाजीचं झालंय पण बाकी मम.

---

शून्यमैल | १२ ऑक्टोबर, सकाळी ८:१४

सकाळी सकाळी लिहिलं की असं होतं. हलकंच घ्या.

---

जबलपुरी | १२ ऑक्टोबर, दुपारी १:२६

आमच्या गावाचं नाव या शर्यतीत निघतं, पण ते कोणी अभिमानाने सांगत नाही. जिम मॉलिसन आणि एमी जॉन्सन, नवरा-बायको, दोघेही त्या काळचे नावाजलेले वैमानिक. त्यांचं कॉमेट काळं, नाव 'ब्लॅक मॅजिक'. बगदादला सगळ्यांच्या आधी पोचले. कराचीहून अलाहाबादकडे येताना रस्ता चुकला आणि उतरले थेट जबलपूरला. त्या इंजिनांना लागणारं उंची पेट्रोल इथे कुठलं? बसवाल्यांकडचं साधं पेट्रोल भरलं. इंजिनं भाजली आणि कसेबसे अलाहाबादला पोचून शर्यतीतून बाद.

माझी आजी सांगायची की गावातल्या बसवाल्यांनी पुढे वर्षभर मिशीला पीळ दिला. खरंखोटं तिलाच ठाऊक.

तात्पर्य: कराचीनंतर दक्षिणेकडे सरकू नका.

---

खमंग | १२ ऑक्टोबर, दुपारी १:४०

हसून हसून पुरेवाट. "आमच्या पेट्रोलने इंग्रज हरले" असा बोर्ड लावायला हवा होता.

---

निवृत्त_सार्जंट | १२ ऑक्टोबर, संध्याकाळी ६:५५

मी हवाई दलात इंजिन फिटर होतो. सत्तरच्या दशकात जोरहाटला डकोटांवर काम केलं. डकोटा म्हणजे तुमचं डीसी-३ च. संगणकावर काय दिसतं मला माहीत नाही. नातू दाखवतो म्हणाला, पण माझ्या डोळ्यांना आता नीट दिसत नाही.

खऱ्या डकोटाचं सांगतो. रात्रभर उभ्या राहिलेल्या गोल इंजिनात खालच्या सिलिंडरांत तेल उतरून साचतं. तसंच स्टार्टर मारलं तर कनेक्टिंग रॉड वाकतो. म्हणून सकाळी आधी पंखा हाताने ओढून पाती फिरवायची. थंडीत हाताची कातडी निघायची. इंजिनाखाली तेलाचं डबकं नेहमीचंच. आम्ही म्हणायचो, गळत नसेल तर आधी टाकीत तेल आहे का बघा. पावसात कॉकपिटच्या काचेच्या फटींतून पाणी आत यायचं आणि वैमानिक मांडीवर बरसाती पसरून बसायचे.

दुसरं, काउल फ्लॅप, म्हणजे इंजिनाच्या आवरणावरची हवा सोडणारी झाकणं. जमिनीवर उघडे, उडून वर गेल्यावर बंद. विसरलात तर एक तर इंजिन तापेल, नाही तर वेग खाल. आणि इंजिन बंद करतानाही उघडे. हे एवढं लक्षात ठेवा.

बाकी शर्यत करा. दुसरं काय करणार दिवाळीत? भावाशी जमिनीवरून भांडणार?

---

हलकंफुलकं | १२ ऑक्टोबर, रात्री ८:०३

काकांचा शेवटचा प्रश्न फार वैयक्तिक वाटला. माझ्याच घरात घडतंय.

---

तर्कटराव | १२ ऑक्टोबर, रात्री ९:३०

सार्जंटसाहेबांना दंडवत. तेच तर मी म्हणतोय. त्यांच्या हाताची कातडी निघत होती, तुमची निघणार नाही. तुम्ही बटण दाबाल आणि म्हणाल, इंजिन चालू झालं.

---

केतकी_नाशिक | १२ ऑक्टोबर, रात्री ९:५०

तर्कटराव, बुद्धिबळ खेळताना तुम्ही खरे घोडे मारता का?

---

यारा_काठची | १३ ऑक्टोबर, पहाटे ४:१५

मेलबर्नहून. धागा पाहिला आणि राहवलं नाही.

शून्यमैल यांनी उइव्हरची अर्धीच गोष्ट सांगितली, उरलेली आमच्या बाजूची आहे. शेवटच्या टप्प्यात, २३-२४ ऑक्टोबरच्या रात्री, विमान वादळात सापडलं आणि वाट चुकलं. सिडनी–मेलबर्न हमरस्त्यावर, मरे नदीकाठी ऑल्बरी गाव आहे. लोकांनी डोक्यावर घिरट्या घालणारं इंजिन ऐकलं. गावातल्या इंजिनियरने अख्ख्या गावाचे दिवे बंद-चालू करत मोर्समध्ये 'ऑल्बरी' अशी अक्षरं पाठवली. रेडिओवरून निवेदकाने हाक दिली की ज्याच्याकडे मोटार आहे त्याने रेसकोर्सवर यावं. मोटारी रांगेने उभ्या करून हेडलाइटचा धावमार्ग केला आणि उइव्हरचा वैमानिक पार्मेंटियर याने त्या घोड्यांच्या मैदानात विमान उतरवलं. सकाळी चाकं चिखलात रुतलेली. गावकऱ्यांनी दोर लावून ओढून काढलं. वजन कमी करायला काही माणसं आणि टपाल मागे ठेवून ते उडालं आणि मेलबर्नला दुसरं आलं. हँडिकॅपमध्ये तर पहिलं.

आम्ही गाडीने ऑल्बरीला गेलो होतो. तिथे विमानतळावर उइव्हरच्या रंगात रंगवलेलं एक जुनं डीसी-२ कित्येक वर्षं खांबांवर उभं होतं, नंतर दुरुस्तीसाठी उतरवलं. गावाच्या महापौरांना डच सरकारने सन्मान दिला होता. आता तो प्रसंग तिथल्या मुलांना शाळेत सांगतात.

काका, तुम्ही या. मी फ्लेमिंग्टनला उभी राहते. शर्यतीची शेवटची रेषा तिथल्याच रेसकोर्सवर होती.

---

उंटावरचा वैमानिक | १३ ऑक्टोबर, सकाळी ७:२०

ठरलं. डीसी-३ घेऊन उतरतोय. यारा_काठची, तुम्ही उभ्या राहणार कुठे? मी तर संगणकात असेन!

---

यारा_काठची | १३ ऑक्टोबर, सकाळी ७:२९

फुकटचं आश्वासन आहे, घेऊन टाका.

---

खमंग | १३ ऑक्टोबर, सकाळी ९:०५

उइव्हरमध्ये टपाल होतं ना? मग आपणही टपाल पाठवू या. प्रत्येकाने एकेक ओळ लिहा, काका विमानात वजन धरतील, मेलबर्नच्या ताई पोचल्यावर वाचतील. माझं पहिलं: "ताई, तिकडे शंकरपाळ्याला डालडा मिळतो का? नसेल तर तुपातले करू नका, लवकर खवट होतात."

---

हलकंफुलकं | १३ ऑक्टोबर, सकाळी ९:२०

"मेलबर्नच्या घोड्यांनो, आमच्या काकांना वाट द्या."

---

मिरजेची_माई | १३ ऑक्टोबर, दुपारी ३:४८

मी इथे वाचते, लिहीत नाही. माझा नातू मेलबर्नला शिकतो. त्याला सांगा, फोन केला की "हो आजी, जेवलो" एवढंच म्हणतो, ते पुरेसं नाही.

---

उंटावरचा वैमानिक | १३ ऑक्टोबर, रात्री १०:००

माई, हे पत्र पहिल्या थैलीत. टपालाचं वजन सिम्युलेटरमध्ये २० किलो धरतोय, शंकरपाळ्यांसकट.

---

तर्कटराव | १४ ऑक्टोबर, सकाळी ११:१२

माझं मत बदललेलं नाही, पण हिशेब चुकलेला बघवत नाही. तुमच्या डीसी-३ च्या चार टाक्या मिळून ८२२ अमेरिकन गॅलन. ताशी नव्वदेक गॅलन जातात. म्हणजे हवेत नऊ तास, सुरक्षित आठ. दीडशे नॉटने आठ तासांत जेमतेम १,२०० सागरी मैल. मिल्डेनहॉल–बगदाद एका दमात होणार नाही, रोम आणि अथेन्स घ्यावेच लागतील. बगदाद–कराचीही कटोकटीचं, इराणच्या किनाऱ्यावर जास्कला उतरा. खरा धोका डार्विन–शार्लव्हिल. १,३८९ साधे मैल, म्हणजे सागरी १,२०० च्या वरच, आणि ऑक्टोबरात तिथे वारा आग्नेयेचा, म्हणजे नाकावर. आठ तासांचे दहा होतील. क्लोंकरीला थांबा.

---

केतकी_नाशिक | १४ ऑक्टोबर, सकाळी ११:३०

मत बदललेलं नाही म्हणणाऱ्याने जास्कपर्यंत नकाशा पाहिला आहे याची नोंद घ्यावी.

---

फुरसतराव | १९ ऑक्टोबर, रात्री ९:००

उद्या सुटणार ना? घरातून परवानगी?

---

उंटावरचा वैमानिक | १९ ऑक्टोबर, रात्री ९:४४

तह झाला. अभ्यंगस्नान, फराळ, आईला नमस्कार, आणि मगच विमान. लक्ष्मीपूजनाला पूर्ण सुट्टी. पाडव्याला ओवाळणी वेळेवर. भाऊबीजेला बहीण येईल तेव्हा विमान हवेत असता कामा नये. इंग्लंडातल्या सकाळचे साडेसहा म्हणजे आपले अकरा, तोवर सगळं आटपेल.

मिल्डेनहॉलला आज अमेरिकी हवाई दलाची टँकर विमानं असतात. एवढ्या लांबलचक धावपट्टीच्या टोकाला माझं शेपटीवर टेकलेलं डीसी-३ म्हणजे हमरस्त्यावर बैलगाडी.

---

उंटावरचा वैमानिक | २० ऑक्टोबर, रात्री ११:५०

रोम गाठलं. उड्डाणाला ४८ इंच मॅनिफोल्ड प्रेशर (इंजिनात शिरणाऱ्या हवेचा दाब), मिनिटाला २,७०० फेरे, मग वर गेल्यावर हळूहळू कमी. फ्रान्सवर ढग. आल्प्स टाळून ऱ्होनच्या खोऱ्याने खाली आलो. एका जागी दोन्ही इंजिनांचं प्रेशर गुपचूप उतरायला लागलं. कार्ब्युरेटरमध्ये बर्फ! गरम हवा सोडल्यावर पुन्हा चढलं. तोवर चकलीचा तुकडा तोंडात तसाच.

सार्जंटकाका, काउल फ्लॅप विसरलो होतो. अख्ख्या फ्रान्सवर उघडे. पाच-सहा नॉट खाल्ले असतील.

---

निवृत्त_सार्जंट | २१ ऑक्टोबर, सकाळी ६:३०

सांगितलं होतं.

---

शून्यमैल | २४ ऑक्टोबर, सकाळी १०:१०

अवांतर. काल रात्रीच उइव्हर ऑल्बरीवर घिरट्या घालत होतं, ९१ वर्षांपूर्वी. आमच्याकडे भाऊबीज होती आणि माझ्या डोक्यात तेच. बहिणीने विचारलं, लक्ष कुठे आहे? सांगितलं तर म्हणाली, त्या गावाने दिवे बंद-चालू केले तसे तूही घरातले कर, वीजबिल कमी येईल.

पुढचं वाईटही सांगायला हवं. त्याच डिसेंबरात, २० तारखेला, नाताळचं टपाल घेऊन बटाव्हियाला निघालेलं उइव्हर इराकच्या वाळवंटात रुत्बाजवळ कोसळलं. सातही जण गेले. शर्यतीतले वैमानिक त्या फेरीला नव्हते.

---

हलकंफुलकं | २४ ऑक्टोबर, सकाळी १०:४०

हे माहीत नव्हतं. दोन महिनेही नाही.

---

उंटावरचा वैमानिक | २६ ऑक्टोबर, रात्री ८:३५

बगदाद, जास्क, कराची झालं. व्हीटी, म्हणजे भारतीय नोंदणीचं विमान मी कराचीत उतरवलं आणि कोणी काही विचारलं नाही. याच कराचीहून १५ ऑक्टोबर १९३२ ला जेआरडी टाटा टपाल घेऊन जुहूला आले होते. पाच मिनिटं नुसता थांबलो.

आज कराची–अलाहाबाद. आता कबुली. जुना जायरोपायलट, म्हणजे विमान आपोआप दिशेवर ठेवणारं यंत्र, लावला होता. त्याचा जायरो हळूहळू भरकटतो, दर पंधरा मिनिटांनी होकायंत्राशी जुळवून घ्यावा लागतो. मेहुणे आले, मी बाहेरच्या खोलीत चिवडा खात बसलो, पाऊण तास गेला. परत आलो तर खाली डोंगर, जंगल आणि ओळखीची एकही नदी नाही. बीकन लावून बघतो तर मी पन्नाच्या आसपास!

---

जबलपुरी | २६ ऑक्टोबर, रात्री ८:४१

अजून अर्धा तास चिवडा खाल्ला असता तर आमच्याकडेच आला असतात. पेट्रोल तयार ठेवलं होतं.

---

खमंग | २६ ऑक्टोबर, रात्री ८:४३

इतिहास स्वतःला पुन्हा पुन्हा जबलपूरला नेतो.

---

तर्कटराव | २६ ऑक्टोबर, रात्री ९:१५

मेहुण्यांना दोष देऊ नका. तीन अंशांची चूक पाऊण तासात काय करते याचं गणित आठवीत असतं.

जाता जाता, जेआरडींचा विषय निघालाच आहे तर: १९३० मध्ये आगाखानांनी इंग्लंड–हिंदुस्थान एकट्याने उडणाऱ्या पहिल्या हिंदी माणसाला बक्षीस लावलं होतं. जेआरडी कराचीहून उलट दिशेने निघाले होते. इजिप्तमध्ये अबुकीरला समोरून येणारा अस्पी इंजिनियर नावाचा वैमानिक प्लगविना अडकलेला भेटला. जेआरडींनी आपल्याकडचा जादा स्पार्क प्लग त्याला दिला आणि अस्पी जिंकला. पुढे तोच भारतीय हवाई दलाचा प्रमुख झाला. शर्यतच बघायची तर ही बघा.

---

केतकी_नाशिक | २६ ऑक्टोबर, रात्री ९:२२

तर्कटराव, तुम्ही आता उघडउघड या धाग्यावर राहायला आला आहात.

---

अण्णा_वाईकर | २९ ऑक्टोबर, दुपारी १२:०५

उशिरा आलो. मुद्दा वेगळाच मांडतो. विमान जुनंच हवं असेल तर डीसी-६ का नाही? १९५३ च्या लंडन–क्राइस्टचर्च शर्यतीत केएलएमचंच डीसी-६ होतं, न्यूझीलंडला राहायला निघालेली माणसं घेऊन. त्यात लग्नासाठी निघालेल्या बऱ्याच मुली! प्रवासी विमानांच्या हँडिकॅपमध्ये ते जिंकलं. म्हणजे विमानात अख्खं वऱ्हाड आणि तरी पहिले. डच लोकांना ही युक्ती एकदा सापडली ती सापडलीच.

---

उंटावरचा वैमानिक | २९ ऑक्टोबर, रात्री ११:१८

अण्णा, पुढच्या वेळी. सध्या रंगूनला अडकलोय. मलायावर दुपारनंतर ढगांचे मनोरे उभे राहतात, ते खरे हवामान म्हणून जसेच्या तसे माझ्या पडद्यावर येतात. उद्या पहाटे चारला उठून निघणार. आईने विचारलं, काकड आरतीला चाललास का?

---

उंटावरचा वैमानिक | ४ नोव्हेंबर, रात्री १०:५२

डार्विन! मध्ये सिंगापूरच्या टप्प्यात वीज गेली होती. इन्व्हर्टर सांगलीचा असला तरी पावला. कुपांगहून तिमोर समुद्र ओलांडताना फक्त पाणी आणि होकायंत्र. कॉमेटवाले स्कॉट आणि ब्लॅक यांच्या एका इंजिनाचा तेलदाब हा समुद्र ओलांडताना कोसळलेला होता. माझी दोन्ही नीट असूनही तीन तास माझा हात थ्रॉटलवरून हलला नाही. कशाची भीती होती ते तर्कटरावांनी सांगावं.

---

तर्कटराव | ४ नोव्हेंबर, रात्री ११:१०

दंडाच्या तासांची. आता क्लोंकरीला थांबा, हट्ट करू नका.

---

उंटावरचा वैमानिक | ८ नोव्हेंबर, रात्री ९:३०

क्लोंकरीला थांबलो. वारा खरंच नाकावर होता, तर्कटराव. सरळ गेलो असतो तर शार्लव्हिलच्या अलीकडे एखाद्या मेंढ्यांच्या कुरणात उतरलो असतो.

उद्या शेवटचा टप्पा. वाट वाकडी करून ऑल्बरीवरून जाणार, दहा-बारा मिनिटं गेली तरी चालतील.

---

यारा_काठची | ९ नोव्हेंबर, सकाळी ११:४०

कळवा कधी येता ते. घरचे दिवे मी बंद-चालू करते. नवऱ्याला आधीच सांगून ठेवलंय, नाही तर तो फ्यूज बघायला जाईल.

---

उंटावरचा वैमानिक | ९ नोव्हेंबर, रात्री १०:२५

पोचलो.

ऑल्बरीवर अंधार पडता पडता आलो. खाली मरे नदी, पलीकडे गावाचे दिवे. रेसकोर्स शोधला, दोन घिरट्या घातल्या, उतरलो नाही. चिखलातून ओढायला कोण येणार? मग फ्लेमिंग्टनवरून रेषा ओलांडली आणि एसेंडन विमानतळावर उतरलो. टेकताना एकदा उडी मारली, ती कोणी पाहिली नाही असं समजतो.

उड्डाणाची एकूण वेळ ६९ तास ४० मिनिटं. वेगात ४१ पैकी ३३वा. हँडिकॅपमध्ये ९वा. टपाल कोरडं आहे.

---

फुरसतराव | ९ नोव्हेंबर, रात्री १०:२७

अभिनंदन!!! पॉपकॉर्न कधीच संपले होते.

---

जबलपुरी | ९ नोव्हेंबर, रात्री १०:३३

त्या पाऊण तासाच्या चिवड्याशिवाय आठवे आला असता.

---

यारा_काठची | १० नोव्हेंबर, पहाटे ५:०२

टपाल वाचलं. खमंग, डालडा मिळतो, भारतीय दुकानात. हलकंफुलकं, घोड्यांना निरोप दिला, त्यांची काही हरकत नाही.

माई, तुमच्या नातवाचं कॉलेज कोणतं ते मला खासगीत कळवा. रविवारी आमच्याकडे जेवायला बोलावते. मग तो काय आणि किती जेवला ते मीच तुम्हाला लिहीन.

---

मिरजेची_माई | १० नोव्हेंबर, सकाळी ८:१५

कळवलं. त्याला वांगं आवडत नाही.

---

नवखा_पायलट | १० नोव्हेंबर, दुपारी २:००

सगळा धागा वाचला नाही. डीसी-३ घेऊ का कॉमेट? माझ्याकडे जॉयस्टिक नाही, कीबोर्ड आहे.

---

तर्कटराव | १० नोव्हेंबर, दुपारी २:०६

आधी जॉयस्टिक घ्या. मग डीसी-३. माझं मूळ मत कायम आहे, पण टाक्यांचा हिशेब लागला तर विचारा.

---

निवृत्त_सार्जंट | १० नोव्हेंबर, संध्याकाळी ६:४०

एसेंडनला इंजिन बंद करताना काउल फ्लॅप उघडे होते का?

---

उंटावरचा वैमानिक | १० नोव्हेंबर, संध्याकाळी ६:४४

उघडे होते, काका.